कर्नल वेअरिंग: न्यूयॉर्कच्या झाडूवाल्यांचा पांढरा गणवेश आणि कंत्राटाची हद्द

बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, तेव्हा त्या शहराचे रस्ते झाडणारे कामगार शहराच्या पगारावर होते आणि पांढरा गणवेश घालत होते. ही व्यवस्था फार जुनी नव्हती. वीस वर्षांपूर्वीपर्यंत त्याच रस्त्यांवर घोट्याएवढी घाण साचलेली असे. हा बदल घडवणाऱ्या माणसाचं नाव जॉर्ज वेअरिंग. सफाई कामगारांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या आपल्या तरुणांना हे नाव माहीत असावं, असं आम्हाला वाटतं. त्याची आरती ओवाळण्यासाठी नाही. त्याने काय केलं, आणि कुठे येऊन हात आखडता घेतला, हे दोन्ही आपल्या कामाचं आहे.

वेअरिंगचा जन्म ४ जुलै १८३३ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या पाउंड रिज या गावी झाला. शिक्षण शेतीशास्त्राचं. तरुणपणी त्याने मोठ्या लोकांच्या शेतांची व्यवस्था पाहिली आणि १८५७ मध्ये नव्याने उभ्या राहणाऱ्या सेंट्रल पार्कच्या जमिनीतलं पाणी काढण्याचं काम त्याच्याकडे आलं. अमेरिकन यादवी युद्धात तो उत्तरेच्या बाजूने घोडदळात लढला आणि कर्नल झाला. ही पदवी त्याने पुढे आयुष्यभर मिरवली. १८७८ मध्ये मेम्फिस शहरात पीतज्वराने पाच हजारांच्या वर माणसं मेली. त्यानंतर तिथे मैलापाण्याची वेगळी गटारं बांधण्याची योजना त्याचीच. घाणीतून निघणाऱ्या दूषित वायूने रोग होतात, असं तो ठामपणे मानत असे. हे शास्त्र चुकीचं होतं. पण चुकीच्या शास्त्रावर उभं राहून त्याने शहरं साफ केली, हेही खरं.

आता न्यूयॉर्कचं पाहू, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

१८६० च्या दशकात त्या शहराची सफाई खासगी ठेकेदारांकडे होती. वर्षाची ठरावीक रक्कम घ्यायची आणि रस्ते साफ ठेवायचे, असा करार. वरवर पाहता यात काही वावगं दिसत नाही. पण हिशेब करून पाहा. रक्कम ठरलेली आहे, म्हणजे ठेकेदाराने जेवढी माणसं कमी लावली आणि जेवढ्या गाड्या कमी फिरवल्या, तेवढा त्याचा नफा वाढला. काम झालं की नाही हे तपासणारा माणूस ज्या पुढाऱ्याचा, तोच पुढारी ठेका मिळवून देणारा. मग तपासणार कोण? ओरड वाढली तेव्हा १८७२ मध्ये हे काम पोलीस खात्याकडे दिलं गेलं आणि १८८१ मध्ये रस्ते सफाईचं वेगळं खातं झालं. खातं झालं तरी माणसं टॅमनी हॉल या राजकीय टोळीच्या चिठ्ठीवरच लागत. झाडू हातात घ्यायचा तर आधी वॉर्डातल्या पुढाऱ्याच्या दारात जावं लागे. म्हणजे ठेकेदार गेला आणि पुढारी आला, कामगाराची मान मात्र तशीच वाकलेली राहिली. सरकारी म्हणजे आपोआप चांगलं, असं मानणाऱ्या मित्रांनी हे लक्षात ठेवावं.

१८९४ च्या निवडणुकीत टॅमनी हरली आणि विल्यम स्ट्राँग महापौर झाले. त्यांनी सफाई खातं आधी थिओडोर रूझवेल्ट यांना देऊ केलं होतं. त्यांनी नकार दिला आणि पोलिसांचं काम घेतलं. अध्यक्षपदापर्यंत जायचं असलेल्या माणसाला कचऱ्याचं खातं कमीपणाचं वाटलं असेल, हा आमचा तर्क. जानेवारी १८९५ मध्ये हे पद वेअरिंगकडे आलं. तेव्हा तो ६१ वर्षांचा होता.

पहिलं काम त्याने केलं ते चिठ्ठ्या बंद करण्याचं. पुढाऱ्याचा माणूस म्हणून कोणी लागणार नाही आणि पुढाऱ्याचा नाही म्हणून कोणी निघणार नाही. रात्री रस्त्यावर उभ्या करून ठेवलेल्या हजारो रिकाम्या घोडागाड्या त्याने उचलायला लावल्या, कारण त्यांच्याखाली झाडू पोहोचतच नसे. यावरून काही वस्त्यांत मारामाऱ्या झाल्या. मग त्याने झाडूवाल्यांना पांढरे कपडे आणि पांढरं हेल्मेट दिलं. घाणीचं काम करणाऱ्याला पांढरा रंग, यावर वर्तमानपत्रांनी भरपूर टिंगल केली. त्यामागचा विचार सरळ होता. पांढऱ्या कपड्यातला माणूस लांबून दिसतो. तो काम करतोय की दारूच्या गुत्त्यात बसलाय, हे लोकांनाही कळतं आणि मुकादमालाही. शिवाय पांढरा रंग डॉक्टरांचा होता. १८९६ च्या मे महिन्यात या सगळ्या कामगारांचं संचलन फिफ्थ ॲव्हेन्यूवरून, म्हणजे शहरातल्या सर्वात श्रीमंत रस्त्यावरून निघालं. चेष्टा करायला आलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

गणवेश हे नजर ठेवण्याचं साधन होतं आणि त्याच वेळी माणसाची पत वाढवणारंही. समाजशास्त्राच्या वर्गात या दोन गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत शिकवतात. रस्त्यावर त्या एकाच सदऱ्यात असतात.

पगार रोज सुमारे दोन डॉलर, म्हणजे अकुशल मजुरीच्या बाजारभावापेक्षा जास्त. कामगार संघटनांशी वेअरिंगचं जमत नसे. लष्करी माणूस होता, हुकूम पाळला जावा ही त्याची अपेक्षा. जुन्या सैनिकांच्या पेन्शनबद्दल तो एकदा इतकं अपमानास्पद बोलला की मोठा गदारोळ झाला. तरीही त्याने एक गोष्ट केली, जी आजही फार थोड्या महापालिकांत दिसते. खात्याच्या प्रत्येक ठाण्यातून आणि तबेल्यातून कामगारांनीच निवडलेला एक प्रतिनिधी, अशी ४१ जणांची समिती नेमली. तिच्या बैठकीत अधिकारी बसत नसत. तक्रार तिथे सुटली नाही तर ती दुसऱ्या मंडळापुढे जाई, आणि तिथे कामगारांचे पाच आणि खात्याचे पाच असे समसमान सदस्य असत. शेवटचा शब्द कमिशनरचाच. तरी तोवर बहुतेक तक्रारी मिटलेल्या असत.

शहराचा मृत्युदर त्याच्या आधीच्या काळात हजारी सुमारे २७ होता. १८९६ मध्ये तो २२ च्या आत आला. सगळं श्रेय झाडूला देता येणार नाही. पण गरीब वस्त्यांतले रस्ते श्रीमंत वस्त्यांइतकेच झाडले जाऊ लागले, याचा त्यात वाटा होता.

इथपर्यंत वाचून वेअरिंगचा पुतळा उभारावासा वाटेल. जरा थांबा. कचरा रस्त्यावरून उचलला, पण पुढे तो गेला कुठे?

तो जात असे नदीकाठच्या धक्क्यांवर. गाड्या तिथे सपाट बार्जमध्ये रिकाम्या होत आणि बार्ज समुद्रात ओतल्या जात. बार्ज कलंडू नये म्हणून कचरा सारखा पसरवावा लागे. आधी शहर या कामासाठी दिवसाला दीड डॉलर मजुरी देई. मग लक्षात आलं की इटलीतून आलेले गरीब लोक हे काम फुकट करायला तयार आहेत, फक्त चिंध्या, हाडं, डबे वेचू द्या म्हणतात. त्यानंतर पाद्रोने नावाचे दलाल पुढे आले. हे दलाल आपल्याच देशातून आलेल्या मजुरांना कामाला जुंपत आणि वेचण्याच्या हक्कासाठी उलट शहरालाच पैसे देत. पत्रकार जेकब रीस यांनी १८९० मध्ये नोंदवलं आहे की आदल्या वर्षी शहराला या हक्कापोटी किमान ८० हजार डॉलर मिळाले. मजुरी देणारं शहर काही वर्षांत मजुरांच्या घामातून कमाई करू लागलं. ही माणसं धक्क्याखालीच कचऱ्यात राहत. त्यांत लहान मुलंही होती.

कंत्राटाची ही खुबी आमच्या तरुण कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. पैसा कशावर मोजला जातो, त्यावर सगळं ठरतं. ठरावीक रकमेवर दिला तर काम कमी होतं. वेचण्याचा हक्क विकला तर मजूर विकला जातो. वजनावर दिला तर वजन वाढवलं जातं; मुंबईत कचऱ्याच्या गाडीत डेब्रिज मिसळून वजन फुगवल्याची प्रकरणं पोलिसांपर्यंत गेली आहेत.

वेअरिंगने १८९६ पासून घराघरांत कचऱ्याचे तीन भाग करायला लावले: अन्नाचा ओला कचरा, राख आणि सुका कचरा. आपण आज ज्याला ओला-सुका म्हणतो, ते त्याने तेव्हा सक्तीने सुरू केलं. ओल्या कचऱ्याचं काम मात्र त्याने एका खासगी कंपनीला पाच वर्षांच्या करारावर दिलं. ती कंपनी जमैका उपसागरातल्या बॅरन आयलंड या बेटावर कचरा शिजवून त्यातून चरबी आणि खत काढत असे. बेटावर काळे कामगार आणि युरोपातून आलेले गरीब स्थलांतरित राबत. दुर्गंधी पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत जाई, आणि वर्तमानपत्रांत तक्रारी येत त्या किनाऱ्यावरच्या लोकांच्या. सुक्या कचऱ्यात वेअरिंगला महसूल दिसला. वेगळा आला की चांगल्या भावाने विकता येईल, हे त्याचं गणित. पांढरा गणवेश, दोन डॉलरचा रोज, ४१ जणांची समिती हे सगळं खात्याच्या कामगारांसाठी होतं. धक्क्यावरच्या आणि बेटावरच्या ठेकेदारांच्या माणसांना त्यात जागा नव्हती. कचरा तोच, शहर तेच.

ही रेघ आपल्याला अनोळखी नाही. बाबासाहेबांनी १९३५ मध्ये मुंबईत म्युनिसिपल कामगार संघ उभा केला तो पालिकेच्या कामगारांसाठी. पुढे पालिकेने सफाईत ठेकेदार आणले, तेव्हा कायम कामगार आणि कंत्राटी कामगार अशी रेघ एकाच चौकीत पडली. कंत्राटी बाजूला बहुसंख्येने आपलेच लोक होते. काही योजनांत तर त्यांना कामगारही म्हटलं गेलं नाही, स्वयंसेवक म्हटलं गेलं. २७०० कंत्राटी कामगारांच्या लढ्यात कंत्राट केवळ कागदोपत्री असल्याचं औद्योगिक न्यायाधिकरणाने ठरवलं आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कायम करण्याचा निर्णय उचलून धरला. लढा सुरू होऊन तोवर कित्येक वर्षं लोटली होती. दरम्यान किती जण कामावरच संपले, हे त्या वस्त्यांत जाऊन विचारावं. आम्ही जातो तेव्हा घरच्या बाया साहेबाचा निकाल नंतर दाखवतात, आधी भिंतीवरचा फोटो दाखवतात.

वेअरिंगला पुरती तीन वर्षं मिळाली. १८९७ च्या निवडणुकीत टॅमनी परत आली आणि १८९८ च्या सुरुवातीला त्याचं पद गेलं. त्याच वर्षी अमेरिकेने स्पेनकडून क्यूबा घेतलं, आणि हवाना शहर पीतज्वरातून कसं मुक्त करावं हे पाहायला सरकारने त्याला तिकडे पाठवलं. परतताना तो स्वतःच पीतज्वर घेऊन आला. २९ ऑक्टोबर १८९८ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचा मृत्यू झाला. हा रोग घाणीच्या वायूने होत नाही, डासामुळे पसरतो, हे दोनच वर्षांनी हवानामध्येच सिद्ध झालं.

टॅमनीने त्याचं खातं ताब्यात घेतलं, पण पांढरा गणवेश काढला नाही. लोकांना तो आवडू लागला होता. घरांचा कचरा आजही न्यूयॉर्कमध्ये शहराचेच कामगार उचलतात, संघटनेसह आणि पेन्शनसह. दुकानं, हॉटेलं आणि कार्यालयांचा कचरा उचलणं मात्र शहराने १९५७ मध्ये थांबवलं आणि तो धंदा खासगी गाड्यांकडे गेला. तिथे गुंडांच्या टोळ्यांनी गिऱ्हाईकं वाटून घेतली. १९९५ मध्ये खटले भरले गेले, १९९६ मध्ये परवाने देणारा आयोग बसला. २०१९ मध्ये शहराने कायदा करून २० विभाग पाडले आणि प्रत्येक विभागात जास्तीत जास्त तीन कंपन्या ठरवल्या, कारण एकाच गल्लीत रात्रभर अनेक कंपन्यांच्या गाड्या धावत होत्या आणि त्यांच्यावरचे कामगार लांबच लांब पाळ्या करत, झोपेत तोल जाईपर्यंत डबे उचलत होते.