संत गोन्सालो गार्सिया : पहाऱ्यांतील नाताळ

नाताळ जवळ आला कीं वेवजी-तलासरीकडील आमच्या ख्रिस्ती घरांतून गव्हाणी सजूं लागतात. अशा दिवसांत ज्युबिलीच्या या स्मरणिकेंत एका अशा पुरुषाचें चरित्र सांगावें असें आम्हांस वाटतें, कीं ज्याचा शेवटचा नाताळ पहारेकऱ्यांच्या नजरेखालीं गेला. तो पुरुष परका नव्हे. आपल्याच किनाऱ्यावरील वसईचा संत गोन्सालो गार्सिया होय.

त्याचा जन्म सुमारें १५५६ सालीं झाला. पिता पोर्तुगीज, माता या देशची. येशूसंघाच्या धर्मगुरूंनीं त्याला वसईस शिकविलें, आणि पंधरा-सोळा वर्षांचा असतांना त्यांच्याबरोबर तो जपानांत गेला. तेथील भाषा त्यानें उत्तम आत्मसात केली व आठ वर्षें धर्मशिक्षणाचें काम केलें. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र मान्य झाली नाहीं. मग त्यानें व्यापार पत्करला, आणि त्यांत त्याला यशही आलें. चरित्र सांगतांना हा काळ एका ओळींत उरकण्याचा मोह होतो. पण आमच्या मतें खरी कसोटी येथेंच होती. ज्याला वारंवार नकार मिळाला त्याचें मन कडवट होण्यास वेळ लागत नाहीं, आणि हातीं पैसा खेळूं लागला म्हणजे जुनी ओढ विसरणें त्याहून सोपें. गोन्सालो विसरला नाहीं. व्यापार सोडून तो मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत साधा धर्मबंधु झाला.

१५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या शिष्टमंडळाबरोबर दुभाषी म्हणून तो जपानांत परतला. मिशनऱ्यांनीं देश सोडावा असा हुकूम तेथील सत्ताधीश हिदेयोशी यानें १५८७ मध्येंच काढला होता. तरी या मंडळींस राहूं देण्यांत आलें. कियोतो येथें त्यांनीं कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली. पुढें १५९६ च्या ऑक्टोबरांत सान फेलिपे हें स्पॅनिश जहाज तोसाच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील माल जप्त झाला, स्पॅनिश लोकांच्या हेतूंविषयीं संशय वाढला, आणि डिसेंबरांत फ्रान्सिस्कन बंधूंभोंवतीं पहारा बसला.

अशा स्थितींत ख्रिस्तजन्माचा सण आला. ज्याला वर्षानुवर्षें संघांत जागा मिळाली नव्हती, त्याच्यापुढें त्या रात्रीं धर्मशाळेंत जागा न मिळालेलें बालक होतें. गव्हाणीचा अर्थ त्याच्याइतका कोणाला कळावा? आम्हांस तरी आशेचें याहून उघडें रूप ठाऊक नाहीं.

३ जानेवारी १५९७ रोजीं कैद्यांच्या डाव्या कानांच्या पाळ्या कापण्यांत आल्या. मग ऐन हिंवाळ्यांत कियोतोहून नागासाकीपर्यंत सुमारें महिनाभराची चाल. वाटेंत दोघांची भर पडून ते सव्वीस झाले : सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी येशूसंघीय व सतरा जपानी गृहस्थ. त्यांत बारा, तेरा व चौदा वर्षांचे तीन मुलगे होते. नाताळानंतर तिसऱ्या दिवशीं ख्रिस्तसभा हेरोदानें मारलेल्या निष्पाप बालकांचें स्मरण करते. या मुलांचीं नांवें त्या दिवशीं आमच्या मनांत आल्यावांचून राहत नाहींत. ५ फेब्रुवारी रोजीं नागासाकीच्या टेकडीवर सर्वांस क्रूसावर बांधून भाल्यांनीं मारण्यांत आलें.

८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांस संतपद दिलें. वसईचा किल्ला १७३९ मध्येंच मराठ्यांनीं घेतला होता, व तेथील जुनीं चर्चें ओसाड पडलीं होतीं. १९९८ सालीं वसई धर्मप्रांत स्थापन झाला, त्यांत डहाणू-तलासरीही आलीं. त्यामुळें गोन्सालोची जन्मभूमि आतां आमच्या धर्मप्रांताचें पीठ आहे.