फ्रोबेल यांचे आठ ठोकळे

बालवाडी म्हटले की आपल्यापुढे बाई, मुले आणि खाऊचे डबे उभे राहतात. त्यातल्या ‘वाडी’कडे लक्ष जात नाही. वाडी म्हणजे राखलेली, शिंपलेली बाग. कोकणातल्या भगिनींना हे सांगायला नकोच. लहान मुलांच्या शाळेला जर्मन भाषेत याच अर्थाचे ‘किंडरगार्टन’ हे नाव ज्यांनी दिले, त्या फ्रेडरिक फ्रोबेल यांच्याविषयी मी येथे लिहीत आहे. आपल्या बालवाडीत मुले मणी ओवतात, पाने मांडतात, आणि न्यायला आलेल्या आया मला विचारतात, हा तर खेळ झाला, शिकवणार केव्हा? या एका प्रश्नापायी फ्रोबेल यांनी उतारवयातली सारी वर्षे वेचली.

त्यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी थुरिंगिया प्रांतातील ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. मूल नऊ महिन्यांचे असतानाच आई गेली. सावत्र आईला स्वतःचे मूल झाल्यावर या मुलावरची तिची माया आटली. दहाव्या वर्षी मामाने आपल्या घरी नेले, तेव्हा कोठे त्याला घर मिळाले. आईविना वाढलेल्या या मुलाने पुढे आयांसाठी पुस्तक लिहावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पुढे जंगलखात्यातली उमेदवारी झाली, येना विद्यापीठ झाले, आणि कर्ज न फिटल्यामुळे तेथल्याच कोठडीत नऊ आठवडे काढणेही झाले. १८०५ मध्ये फ्रँकफुर्टला ते शिक्षक झाले. नंतर दोन वर्षे स्वित्झर्लंडमध्ये थोर शिक्षक पेस्टालोझी यांच्या सहवासात काढली.

परंतु माझ्या मते त्यांना खरी दिशा मिळाली ती शाळेत नव्हे, दगडांत. १८१४ ते १८१६ या काळात ते बर्लिनच्या खनिज संग्रहालयात साहाय्यक होते. तेथे स्फटिक निवडून लावण्याचे काम होते. खडीसाखरेचा खडा उन्हात धरून पाहिला की त्याच्या सपाट बाजू आणि सरळ कडा आपल्यालाही दिसतात. कोणी तासलेल्या नसतात, आतूनच तशा वाढतात. मुलाची वाढही अशीच आतल्या नियमाने होते, हे त्यांच्या मनाने घेतले. यावर त्यांनी रचलेले तत्त्वज्ञान मात्र मला बरेच जड जाते. त्यांचे ठोकळे अधिक सोपे बोलतात.

१८१६ मध्ये त्यांनी पुतण्यांना घेऊन शाळा काढली, ती पुढील वर्षी काइलहाऊ येथे गेली. १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला त्यांनी अगदी लहान मुलांसाठी खेळणी करायला घेतली आणि १८४० मध्ये किंडरगार्टन हे नाव ठेवले. या खेळण्यांना ते ‘देणग्या’ म्हणत. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरीत लाकडी गोल, दंडगोल आणि घन. तिसरी म्हणजे आठ लहान ठोकळ्यांचा मिळून झालेला एक घन, लाकडी पेटीत बसवलेला. पेटी पालथी घालून झाकण ओढून घ्यायचे व पेटी अलगद उचलायची, म्हणजे मुलाला आधी अख्खा घन दिसतो, मग त्याचे भाग.

या आठांतून मूल खुर्ची करते, जिना करते. दोन, चार, आठ असे भाग पाडते. आणि नक्षीही मांडते. नक्षीची रीत पाहण्यासारखी आहे. चार ठोकळे मध्ये जुळवायचे, उरलेले चार चार बाजूंना. आता ही नक्षी विसकटायची नाही. बाजूचा एक सरकवला की समोरचाही तसाच सरकवायचा, मग राहिलेले दोन. पहिल्या नक्षीतून दुसरी निघते, दुसरीतून तिसरी. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्या आपल्या हातांना हे नवे नाही. आपल्या बालवाडीत ठोकळे कमी म्हणून मी चिंचोके आणि खडे देते. एक चिंचोका, दोन खडे, एक चिंचोका, दोन खडे. पुढे काय, असे विचारले की चार वर्षांचे मूल पुढचा चिंचोका उचलते. त्याला अजून वीसपर्यंत अंक येत नाहीत, पण नियम सापडलेला असतो. आयांच्या प्रश्नाला माझे उत्तर तो चिंचोका.

फ्रोबेल यांच्या काही अनुयायांनी पुढे याची कवाईत केली. बाई म्हणतील तेव्हा, म्हणतील तेथे, सर्वांनी एकदम ठोकळा ठेवायचा! त्यात मूल उरले नाही.

या कामासाठी त्यांनी तरुण स्त्रियांना शिक्षण देऊन तयार केले. त्या काळी स्त्रीला असा मानाचा व्यवसाय मिळणे थोडके नव्हते. पण ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशिया सरकारने नास्तिकपणाचा व समाजवादाचा आरोप ठेवून या बालोद्यानांवर बंदी घातली. यात गोंधळ असा, की स्त्रियांच्या उच्च शिक्षणाचा पुरस्कार करणारे त्यांचे पुतणे कार्ल आणि ते स्वतः, सरकारला एकच वाटले. फ्रोबेल यांनी खुलासा केला, पण उपयोग झाला नाही. २१ जून १८५२ रोजी, बंदी कायम असतानाच, ते वारले.

त्यांच्या पत्नी लुइझे आणि बेर्था फॉन मारेनहोल्त्स-ब्युलो या बाईंनी काम थांबू दिले नाही. बेर्थाबाई इंग्लंड, फ्रान्स असे देश फिरून व्याख्याने देत राहिल्या. १८६० मध्ये बंदी उठली. श्वाइना गावी फ्रोबेल यांच्या समाधीवर घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल, अशी दगडात घडवलेली दुसरी देणगी उभी आहे.