एका गुडघ्याची गोष्ट

काही वर्षांपूर्वी लेकीकडे कॅनडाला गेले होते. रिजायना हे सस्कॅचवान प्रांताच्या राजधानीचे गाव. एका दुपारी नातू घसरगुंडीवरून पडला आणि त्याचे मनगट मोडले. आम्ही इस्पितळात धावलो. जावयाने खिडकीवर एक छोटे कार्ड दाखवले. एक्स-रे झाला, प्लॅस्टर झाले आणि आम्ही निघालो. बिलाची खिडकी कुठे आहे, हे मी शोधतच राहिले. माझ्या वडिलांच्या ऑपरेशनच्या वेळी अनामत रक्कम भरायला आईच्या पाटल्या गहाण पडल्या होत्या. ती सकाळ मी विसरलेली नाही. त्यामुळे त्या कार्डाचे मला फार अप्रूप वाटले. रात्री जेवताना लेकीने कार्डामागच्या माणसाचे नाव सांगितले: टॉमी डग्लस.

त्याची गोष्टही एका मुलाच्या पडण्यापासूनच सुरू होते. टॉमीचा जन्म 20 ऑक्टोबर 1904 रोजी स्कॉटलंडमधल्या फॉलकर्क गावी झाला. वडील ओतकामाच्या कारखान्यात कामगार. लहानपणी पडून टॉमीच्या गुडघ्याला लागले, जखम हाडापर्यंत चिघळली. पुढे हे कुटुंब कॅनडातल्या विनिपेगला आले, पण दुखणे पाठ सोडीना. ऑपरेशनमागून ऑपरेशन झाले. शेवटी पाय कापावा लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. नामांकित सर्जनची फी या घराला परवडणारी नव्हती.

त्याच सुमारास एका शल्यविशारदाची नजर या मुलावर पडली. आपल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया पाहू द्यायची, या अटीवर त्याने ती फुकट करायचे कबूल केले. पाय वाचला. पुढे 1922 साली याच पायावर उभा राहून टॉमी मॅनिटोबा प्रांताचा हलक्या वजनी गटातला मुष्टियुद्धाचा विजेता झाला! त्या डॉक्टरांचे उपकार तो कधी विसरला नाही. पण एक प्रश्न त्याला आयुष्यभर टोचत राहिला. त्या दिवशी तो डॉक्टर तिथून गेलाच नसता तर? गरिबाच्या मुलाचा पाय कुणाच्या तरी कृपेवर का अवलंबून असावा?

छापखान्यात उमेदवारी करून, मग शिकून तो बाप्टिस्ट पंथाचा धर्मोपदेशक झाला आणि 1930 मध्ये सस्कॅचवानमधल्या वेबर्नला गेला. ते मंदीचे आणि दुष्काळाचे दिवस होते. शेतांतली माती वाऱ्यावर उडून जात होती. वेळेवर उपचार न मिळाल्यामुळे गेलेल्या तरुण बापांचे अंत्यविधी त्याला करावे लागले. नुसत्या प्रवचनांनी हे थांबणार नाही, हे त्याने ओळखले आणि 1935 साली तो संसदेत निवडून गेला.

तो देवमाणूस होता, असे मात्र मी म्हणणार नाही. 1933 च्या आपल्या प्रबंधात त्याने मंदबुद्धी ठरवलेल्यांच्या नसबंदीचा पुरस्कार केला होता. सत्ता हाती आल्यावर मात्र त्याने तो मार्ग धरला नाही.

1944 मध्ये डग्लस सस्कॅचवानचा मुख्यमंत्री झाला आणि आरोग्य खाते त्याने स्वतःकडे ठेवले. 1 जानेवारी 1947 पासून प्रांतात सर्वांसाठी इस्पितळ विमा सुरू झाला. तो लोकांपर्यंत कसा पोचला, हे पाहण्यासारखे आहे. गावोगावच्या नगरपालिकांनी नावे नोंदवून पैसे गोळा केले. माणशी वर्षाला 5 डॉलर, आणि घर कितीही मोठे असले तरी 30 डॉलरच्या वर नाही. पैसे भरले की कार्ड मिळे आणि ते दाखवले की इस्पितळातली खाट. निराधार वृद्धांचा भार सरकारने आधीच उचलला होता. नोंदणी सर्वांना सक्तीची होती. कारण उघड आहे. फक्त आजारी माणसेच विमा घेऊ लागली, तर ती पेटी चार दिवसांत रिकामी होईल. धडधाकट माणसाने आज भरावे, म्हणजे उद्या त्याच्यावर पाळी आली तर दुसऱ्यांचे पैसे त्याच्या उपयोगी पडतात. आपल्याकडच्या भिशीत आळीपाळीने प्रत्येकाला रक्कम मिळते, इथे ज्याच्यावर पाळी येईल त्याला मिळते, एवढाच फरक.

डॉक्टरांच्या फीचा प्रश्न मात्र उरलाच होता. त्यासाठी डग्लसने तिजोरी भरेपर्यंत वाट पाहिली. 1958 पासून इस्पितळ खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकार उचलू लागले, तेव्हा कुठे हात मोकळे झाले. 1960 ची निवडणूक त्याने याच मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. कायदा आकाराला येत असतानाच तो नव्या पक्षाचा नेता होऊन दिल्लीच्या, म्हणजे त्यांच्या ऑटवाच्या राजकारणात गेला. मुख्यमंत्रिपदी आला त्याचा सहकारी वुड्रो लॉइड.

1 जुलै 1962 रोजी योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी संप पुकारला. आपण सरकारी नोकर होऊ, ही त्यांची भीती. घराघरांत आया धास्तावल्या. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले. 23 दिवसांनी तडजोड झाली. डॉक्टरांनी आपापले दवाखाने चालवावेत आणि केलेल्या कामाचे पैसे योजनेतून घ्यावेत, असे ठरले. त्याआधी 18 जूनच्या संसदीय निवडणुकीत मात्र या वादाची झळ डग्लसला बसली होती. रिजायनातच तो पडला. ज्यांच्यासाठी आयुष्य वेचले त्यांनीच घरी बसवले!

पण गाडी थांबली नाही. 1966 मध्ये संसदेने देशभरासाठी कायदा केला आणि 1972 पर्यंत सगळे प्रांत त्यात आले. 24 फेब्रुवारी 1986 रोजी डग्लस कर्करोगाने गेला. 2004 मध्ये तिथल्या दूरदर्शनने घेतलेल्या कौलात लोकांनी त्याला सर्वश्रेष्ठ कॅनडियन म्हणून निवडले.

आज तिथे स्थायिक होणारा माणूस आपल्या प्रांताकडे अर्ज करतो, राहत्या घराचा पुरावा देतो आणि कार्ड मिळवतो. काही प्रांतांत त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत थांबावे लागते. माझ्यासारख्या पाहुण्यांना ते मिळत नाही. मी पुण्याहूनच विमा काढून गेले होते. शिवाय घरी घ्यायची औषधे आणि चष्मे बहुधा या कार्डात येत नाहीत. गुडघा बदलायचा तर महिनोन् महिने रांगेत राहावे लागते, आणि त्याबद्दल लोक तक्रारही करतात. पण त्या रांगेत कुणाच्या पाटल्या विचारल्या जात नाहीत.

नातवाचे मनगट सहा आठवड्यांत जुळले. कुणा भल्या डॉक्टरची कृपा त्यासाठी लागली नाही. टॉमीच्या गुडघ्याला ती लागली होती.