जमेकाचे गव्हर्नर ग्रँट

सुधारणा वरून दिलेली असावी कीं लोकांनीं स्वतः केलेली, याचा विचार करणारांनीं सर जॉन पीटर ग्रँट यांच्या चरित्राचें अवश्य मनन करावें.

ग्रँटसाहेबांचा जन्म १८०७ सालीं झाला. त्यांचे वडील मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश होते. पुण्याच्या मोरो रघुनाथ या मुलाविषयींचा हेबियस कॉर्पसचा हुकूम सर जॉन माल्कम यांचें सरकार मानीना, तेव्हां त्यांनीं १८२९ सालीं कोर्टच बंद ठेविलें. मुलानेंही हाच बाणा राखिला. विधवाविवाहाचें बिल १८५५ सालीं कायदेकौन्सिलांत त्यानेंच मांडिलें. पुढील सालीं त्याचा कायदा झाला. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर असतांना ग्रँटसाहेबांनीं निळीच्या सक्तीविरुद्ध रयतेची बाजू घेतली, १८६० सालीं चौकशीकरितां कमिशन नेमिलें, आणि गोऱ्या मळेवाल्यांचा रोष पत्करिला.

जमेका बेटांतही सत्ता मळेवाल्यांचीच होती. सुमारें साडेचार लाख वस्तींत दोन हजारही मतदार नव्हते. १८६५ सालीं मोरँट बे येथें गांजलेली काळी रयत उठली. गव्हर्नर आयर यांनीं लष्करी कायद्याखालीं चारशेंहून अधिक माणसें मारविलीं, व असेंब्लीकडून तिचें स्वतःचें विसर्जन करविलें. बेट खुद्द राणीसरकारच्या अमलाखालीं गेलें.

अशा वेळीं, १८६६ सालीं, ग्रँटसाहेब तेथें गेले. आठ वर्षांत त्यांनीं २२ परगण्यांचे १४ केले. जिल्हा कोर्टें व नवें पोलीसखातें स्थापिलें. १८७० सालीं इंग्लंडच्या चर्चचा सरकारी दर्जा काढिला. १८७२ सालीं राजधानी स्पॅनिश टाउनहून किंग्स्टनला नेली. आणि तुटीचा खजिना शिलकींत आणिला.

हें सर्व स्तुत्य होय. परंतु आम्ही विचारतों, यांत लोकांचा हात किती? कौन्सिलांत सरकारी अधिकारी आणि सरकारनें नेमिलेले गृहस्थ. जिच्यासाठीं न्याय मांडिला त्या रयतेचा एकही प्रतिनिधि नाहीं. कांहीं निवडलेले सभासद १८८४ सालीं आले, तेही थोडक्यांच्या मतांनीं. सर्व प्रौढांस मताधिकार १९४४ सालीं मिळाला, स्वातंत्र्य १९६२ सालीं. ग्रँटसाहेब तर १८९३ सालींच वारले होते.

मळेवाल्यांची असेंब्ली वाईट होती, हें खरें. तिच्यावरील उपाय मतदार वाढविणें हा होता. मतच काढून घेणें हा नव्हे. सज्जन अधिकाऱ्याचें ऋण आम्ही मान्य करितों. पण त्याची बदली होतांच जो न्याय डळमळतो, त्यास हक्क म्हणतां येत नाहीं.