स्वयंपाकघरातील संशोधिका : मेलिटा बेंट्झ

मोठे शोध मोठ्या प्रयोगशाळांतच लागतात आणि ते लावणारी माणसे आपल्याहून फार निराळी असतात, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीला छेद देणारे एक चरित्र आज विद्यार्थी मित्रांपुढे ठेवावयाचे आहे. हे चरित्र एका गृहिणीचे आहे. तिची प्रयोगशाळा म्हणजे तिचे स्वयंपाकघर, आणि तिची उपकरणे म्हणजे एक पितळी भांडे, एक खिळा, एक हातोडी व मुलाच्या वहीतील टीपकागद.

आपल्या भालकीकडे पाहुणा आला की प्रथम पाण्याचा तांब्या आणि मागोमाग चहाचा कप पुढे येतो. माझी मातृभाषा कोंकणी असून बालपण समुद्रकाठी गेले. तिकडे आमच्या घरी दिवस उजाडत असे तो कॉफीच्या वासाने. पितळेचे दोन मजली भांडे असे. वरच्या भांड्याच्या तळाला बारीक छिद्रे असत. त्यात कॉफीची पूड बसवून वर कढत पाणी ओतावयाचे, म्हणजे खालच्या भांड्यात थेंबथेंब काळाभोर अर्क उतरे. छिद्रे मोठी झाली की चोथा खाली येई आणि ती बुजली की अर्क उतरत नसे. मग आई सुई घेऊन एकेक छिद्र मोकळे करीत बसे. कॉफीची ही अडचण जुनी आहे आणि ती सर्व देशांतील घरांत होती.

कॉफीचे आपल्या राज्याशी असलेले नातेही जुने आहे. बाबा बुडन नावाच्या साधुपुरुषाने सतराव्या शतकात अरबस्तानातून बुंदाचे सात दाणे आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावले, अशी आख्यायिका आहे. त्यांच्याच नावाने तो डोंगर आज बाबाबुडनगिरी म्हणून ओळखला जातो. पण बुंद पिकविणे ही एक गोष्ट आणि भाजलेल्या बुंदाच्या पुडीतून केवळ सार काढून घेऊन चोथा व कडवटपणा मागे ठेवणे ही दुसरी गोष्ट. या दुसऱ्या कामासाठी युरोपात दोन वाटा निघाल्या. पहिली वाट दाबाची. इटलीतील मिलान शहरी लुइजी बेझेरा यांनी १९०१ साली वाफेच्या दाबाने पेल्यापेल्यात कॉफी उतरविणाऱ्या यंत्राचे पेटंट मागितले. पुढे त्याच शहरातील अकिले गाज्जा यांनी तरफेच्या व दट्ट्याच्या साह्याने हा दाब कितीतरी पटींनी वाढविला. तीच आजची एस्प्रेसो कॉफी. आज अशी लहान यंत्रे घरांतूनही दिसतात. हौशी माणसे आधी यंत्र घेतात, मग चांगली दळणी, मग तोलण्यास बारीक काटा, आणि अशी घरची मांडणी वर्षानुवर्षे सुधारीत राहतात. परंतु त्या काळी ही यंत्रे मोठी, महाग व केवळ उपाहारगृहांसाठी होती. सामान्य घराला परवडेल अशी दुसरी वाट जिने शोधली, तिचे नाव मेलिटा बेंट्झ.

मेलिटाबाईंचा जन्म ३१ जानेवारी १८७३ रोजी जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी झाला. त्यांचे माहेरचे आडनाव लीबशर. ह्यूगो बेंट्झ या गृहस्थाशी त्यांचा विवाह झाला. विली व होर्स्ट हे दोन मुलगे आणि पुढे १९११ साली झालेली हेर्टा ही कन्या, असा त्यांचा संसार होता. त्या ना यंत्रशास्त्र शिकल्या होत्या, ना रसायनशास्त्र. चारचौघींसारखा संसार करीत असता एका लहानशा गोष्टीने मात्र त्यांना स्वस्थ बसू दिले नाही.

त्या काळी जर्मन घरांत कॉफी करण्याच्या रीती सदोष होत्या. कोणी पूड पाण्यात तशीच उकळीत, त्यामुळे शेवटचा घोट चोथ्याने भरे. कोणी कापडाच्या पिशवीतून ती गाळीत. ते कापड धुता धुता हात थकत, आणि तरीही त्यात कालचा वास राहून जाई. काही भांड्यांत तेच पाणी पुनःपुन्हा पुडीवरून फिरे व कॉफी कडूजहर होई. हे सारे मेलिटाबाई रोज पाहत होत्या, रोज सोशीत होत्या. त्यांच्या शेजारणीही सोशीत होत्या. भेद एवढाच की मेलिटाबाईंनी सोशणे पुरे केले आणि विचार करावयास आरंभ केला.

आजच्या मुलांनी टीपकागद पाहिला नसेल. दौत-टाकाने लिहिण्याच्या काळी ओली शाई टिपण्यासाठी प्रत्येक वहीत एक जाड, मऊ, शोषक कागद असे. मेलिटाबाईंच्या मनात आले की, जो कागद शाई शोषून घेतो, त्यातून पाणीही पाझरेल. आणि त्याचे तंतू दाट असल्यामुळे बारीकातला बारीक चोथा वरच अडेल. त्यांनी एक पितळी भांडे घेतले, खिळ्याने त्याच्या तळाला छिद्रे पाडली, विलीच्या वहीतील टीपकागद गोल कापून आत बसविला, त्यावर कॉफीची पूड घातली आणि कढत पाणी ओतले. खाली उतरलेली कॉफी स्वच्छ होती, तिच्यात चोथा नव्हता आणि कडवटपणाही कमी होता. काम झाल्यावर कागद चोथ्यासकट उचलून टाकून दिला की भांडे मोकळे! घासण्याचे कष्टही वाचले.

येथेच त्या थांबल्या असत्या, तर एका घरची कॉफी सुधारली असती, इतकेच. पण आपली अडचण ती हजारो घरांची अडचण आहे, हे त्यांनी ओळखले. २० जून १९०८ रोजी बर्लिन येथील शाही पेटंट कार्यालयात त्यांच्या गाळणीची नोंद झाली आणि त्याच वर्षी १५ डिसेंबर रोजी त्यांच्या नावाने व्यवसायाची नोंदणी झाली. या व्यवसायाचे भांडवल होते अवघे ७३ फेनिग. शंभर फेनिग मिळून एक मार्क होई. म्हणजे पुरता एक मार्कही गाठीशी नव्हता. राहत्या घरातील एक खोली हाच कारखाना. भांडी एका पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून करवून घेत. ह्यूगोंनी पत्नीच्या कामाला सर्वस्वी हातभार लावला आणि मुले हातगाडीवरून माल पोहोचवीत. १९०९ साली लाइप्झिगच्या जत्रेत त्यांच्या बाराशेहून अधिक गाळण्या विकल्या गेल्या. १९११ साली ड्रेस्डेन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले.

परंतु सुखाचे दिवस फार टिकले नाहीत. १९१४ साली महायुद्ध पेटले. ह्यूगो सैन्यात गेले, धातू युद्धकार्यास लागला, कागदावर नियंत्रण आले आणि समुद्रमार्ग अडल्यामुळे बुंद मिळेनासा झाला. भांडे नाही, कागद नाही आणि कॉफीही नाही, अशी स्थिती झाली. तीन मुलांची जबाबदारी अंगावर असलेल्या मेलिटाबाईंनी त्या काळात पुठ्ठ्याची खोकी विकून घर चालविले. युद्ध संपताच गाळणीचे काम पुन्हा हाती घेतले. मागणी इतकी वाढली की, १९२८ च्या सुमारास सुमारे ८० कामगार दोन पाळ्यांत काम करीत होते. ड्रेस्डेनमध्ये जागा पुरेना, म्हणून १९२९ साली कारखाना मिंडेन गावी नेण्यात आला.

पहिला शोध म्हणजे शेवटचा शब्द, असे त्यांनी किंवा त्यांच्या मुलांनी कधी मानले नाही. पितळी भांड्यानंतर इतर धातूंची आणि चिनी मातीचीही भांडी आली. नकली माल बाजारात येऊ लागला तेव्हा १९२५ पासून लाल-हिरव्या वेष्टनाची ओळख देण्यात आली. १९३० नंतरच्या दशकात सपाट तळ जाऊन भांड्याला शंकूचा आकार देण्यात आला व त्याला साजेशी कागदी पिशवी आली, म्हणजे पाणी पाझरण्यास अधिक पृष्ठभाग मिळाला. आजही जगभर घरोघरी हाच आकार वापरला जातो. पुढे वैद्यकशास्त्राला असेही आढळले की, न गाळलेल्या कॉफीतील रक्तामधील कोलेस्टेरॉल वाढविणारे काही स्निग्ध पदार्थ हा कागद पुष्कळसे अडवितो. मेलिटाबाईंना हे ठाऊक नव्हते. चांगल्या कामाची फळे कर्त्याच्या कल्पनेपलीकडे जातात, ती अशी.

१९३२ साली त्यांनी व्यवसायाची मालकी मुख्यतः मुलांच्या हाती सोपविली, परंतु कामगारांकडील लक्ष काढून घेतले नाही. नाताळची जादा रक्कम, वर्षाची रजा सहा दिवसांवरून पंधरा दिवस आणि पाच दिवसांचा आठवडा, या सवलतींशी त्यांचे नाव निगडित आहे. चरित्र सांगताना उणी बाजू झाकू नये, म्हणून हेही सांगितले पाहिजे की, मुलांच्या कारभारात या संस्थेने नाझी राजवटीशी जवळीक ठेवली होती, आणि दुसऱ्या महायुद्धात तेथे गाळण्यांऐवजी युद्धोपयोगी माल होऊ लागला. ज्या ड्रेस्डेनमध्ये त्यांचा संसार फुलला, ते शहर १९४५ च्या फेब्रुवारीत बॉम्बवर्षावाने बेचिराख झाले. युद्धानंतर गाळणीचे काम पुन्हा उभे राहिलेले त्यांनी पाहिले, आणि २९ जून १९५० रोजी, वयाच्या ७७ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाची संस्था आजही मिंडेन येथे त्यांच्या वंशजांकडेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, मेलिटाबाईंच्या आधी लक्षावधी स्त्रियांनी कडू कॉफी गाळली होती आणि लक्षावधी मुलांच्या वह्यांत टीपकागद होता. दोहोंची गाठ घालणारी दृष्टी मात्र एकीचीच ठरली. आपल्या घरीही रोज कोणी तरी चुलीपाशी, जात्यापाशी, पाण्याच्या हंड्यापाशी अशीच एखादी अडचण मुकाट्याने सोशीत असते. आणि बहुधा ती आपली आई किंवा बहीणच असते. आईला एखादे काम पुनःपुन्हा करावे लागते असे दिसले, तर तेथे थांबा, नीट पाहा आणि हे काम असेच का करावे लागते, हा प्रश्न तिलाच आधी विचारा. तिला उत्तर पुष्कळदा ठाऊक असते. तिला ते विचारलेले नसते. आमच्या घरी सुईने छिद्रे मोकळी करणाऱ्या आईला मी तो प्रश्न कधी विचारला नाही, याची खंत मला आज वाटते. तुम्ही तो अवश्य विचारावा.