मीरासाहेबांच्या दारची हजेरी

आपल्या गुलबर्ग्यात ख्वाजा बंदेनवाजांच्या उरुसाला कोणालाच मज्जाव नसतो. मिरजेस मीरासाहेबांच्या दर्ग्यातही तसेच. आणि तेथल्या उरुसात खाँसाहेब अब्दुल करीमखाँ गात.

१८७२ साली किराण्यास जन्मलेले खाँसाहेब तरुणपणी बडोद्यास दरबारी गवई होते. मी दरबारी गवयाचाच मुलगा; त्या महालांतले गाणे रस्त्यावरच्या माणसाच्या कानी पडत नसे, हे घरातच ऐकत आलो. खाँसाहेबांनी दरबार सोडला, तिकिटाचे जलसे केले, १९१३ साली पुण्यास आर्य संगीत विद्यालय काढले. जलशांच्या मिळकतीवर ते शिष्यांना पोशीत आणि शिकवीत. पैशाची गरज त्यांना होतीच. तरी दर्ग्यातली हजेरी मात्र निव्वळ सेवा होती.

२७ ऑक्टोबर १९३७ रोजी पाँडिचेरीच्या वाटेवर, सिंगपेरुमाळकोविल स्थानकाच्या फलाटावर त्यांनी देह ठेवला. दफन मिरजेच्या दर्ग्यातच झाले. त्यांच्या स्मरणार्थ उरुसात आजही गवई तेथे बिदागीवाचून गातात.

श्रोत्याला जे फुकट मिळते, त्याचे मोल गवयाने पदरचे भरलेले असते. आपण निदान भैरवी होईपर्यंत उठू नये.