मोलेसरशास्त्री

स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या एकाच पेपरात 'प्रिन्सिपल' दोनदा येतं. स्ट्रेसच्या आधी येतं त्याच्या शेवटी ए-एल, सुपरपोझिशनच्या तत्त्वातलं असेल तर एल-ई. कानाला फरक शून्य! मी लातूरच्या कॉन्व्हेंटमधली, म्हणून नांदेडच्या होस्टेलवर मैत्रिणी मलाच स्पेलिंग विचारतात. त्यात एक ए चुकला की मराठी मीडियमच्या पोरींना हसणारे पण आहेत. त्यांना मी जेम्स मोल्सवर्थची गोष्ट सांगते. त्याची पंचाईत बरोब्बर उलटी होती.

जन्म १७९५, इंग्लंड. कोवळ्या वयात कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात आला आणि पुढे सोलापूरच्या छावणीत पोचला. (आपल्या लातूरच्या शेजारचंच सोलापूर, पण आपला मुलूख तेव्हा निजामाचा.) इंग्रज कानाला त आणि ट वेगळे लागतच नाहीत. म्हणजे ताक काय नि टाक काय, सारखंच! मन-मण, बाल-बाळ यांचं तेच. आणि ज तर फारच डेंजर. दुनिया म्हणजे जग आणि शंभर वर्षं जग यातला, दोन्ही जग लिहायला एक, बोलायला निराळे. पाण्याचा जग तिसराच.

ड्युटी सांभाळून हा माणूस शब्द गोळा करत सुटला. सोबत कॅन्डी नावाचा अधिकारी आणि आपले शास्त्री-पंडित. या शास्त्र्यांची नावं कुणाला पाठ नसतात, याचं मला वाईट वाटतं. १८३१ मध्ये मराठी-इंग्रजी कोश निघाला, सुमारे चाळीस हजार शब्दांचा. लष्करी नोकरी आपल्या ख्रिस्ती श्रद्धेत बसत नाही म्हणून त्याने ती सोडली, १८३६ मध्ये मायदेशी गेला. तरी १८५१ मध्ये परत आला, कोश पुन्हा तपासायला! १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्द झाले साठ हजारांच्या घरात. लोक त्याला मोलेसरशास्त्री म्हणू लागले. १८७१ मध्ये तो इंग्लंडातच वारला.

१९७५ मध्ये पुण्यात हा कोश पुन्हा छापला गेला, आणि शिकागो विद्यापीठाने तो नेटवर फुकट ठेवलाय. त्यात टाक शोधून बघा. आपल्या देव्हाऱ्यात खंडोबाचा असतो ना, तो चांदीचा टाकसुद्धा साहेबाने सोडलेला नाही.